बाबांचे पाच लघुग्रह

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार. हमरापूर

नाही म्हणाले. सरळ नाही!

चहा पिता पिता विचारलं मी. "बाबा, आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मातीचे पाच लघुग्रह हवेत. करून द्याल?" त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सुशीलला सांग." सुशील, माझा धाकटा भाऊ, तिथेच साच्यातून मूर्ती काढत होता. त्याने मान वर केली नाही. आमचा सगळा गणपतीचा कारखाना कान टवकारून ऐकत होता आणि काहीच ऐकू येत नसल्याचं सोंग करत होता.

दोन वर्षं झाली. साखरेच्या आजाराने डोळे नेले, आधी उजवा, मग डावा. बाबा मूळ मूर्ती घडवायचे. एकच, हाताने, शाडूची. मग तिच्यावरून साचे निघायचे आणि त्या साच्यांतून शेकडो गणपती. चाळीस वर्षं. आता ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकतात. मातीला हात नाही. माती मळणाऱ्या काशीबाई कधी मुद्दाम एक गोळा त्यांच्या शेजारी ठेवून जातात. तो सुकतो, तडकतो, परत माती भिजवायच्या हौदात जातो.

प्रदर्शन ११ डिसेंबरला. त्याआधी बाबांचे हात मातीत गेले पाहिजेत. लघुग्रह हे निमित्त. ठरलं म्हणजे ठरलं.

९ नोव्हेंबर, रविवार. हमरापूर

निघायच्या आधी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी कारण सांगितलं.

"चुकलं तर मला कळणार नाय, संध्या. तुमाला दिसेल. नि तुमी सांगणार नाय."

मी म्हटलं, "असं कसं? सांगू की!"

ते हसले नुसते. ते हसू माझ्या डोक्यातून जात नाही. रोह्यापर्यंत गाडीत खिडकीशी बसून भांडत होते त्यांच्याशी, मनातल्या मनात. एकही मुद्दा जिंकले नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. रोहा

नववीत आज लघुग्रह. मी नेहमीचं सांगितलं: मंगळ आणि गुरूच्या मधे बहुतेक सगळे, खडकाचे, धातूचे, लाखोंनी. सगळे एकत्र केले तरी आपला चंद्र भरणार नाही. ऐटीत फळा पुसत होते तर दिशा उभी राहिली. ही दिशा माझ्या प्रदर्शनाच्या गटाची प्रमुख. वर्गात सगळ्यात कमी बोलते आणि बोलली की माझी पंचाईत करते.

"मॅडम, लघुग्रह म्हणजे लहान ग्रह. मग ॲस्टेरॉइड म्हणजे पण लहान ग्रहच का?"

चौदा वर्षं शिकवतेय, पण हे माहीत नव्हतं मला! "उद्या सांगते" म्हटलं आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मोबाइल घेऊन बसले. डबा तसाच राहिला.

तर असं आहे. १८०१ सालच्या पहिल्याच दिवशी इटलीत एकाला पहिला सापडला, सीरिस. (आता त्याला बढती मिळून तो बटुग्रह झालाय.) पुढच्या वर्षी दुसरा. आता यांना म्हणायचं काय? ग्रह दुर्बिणीतून तबकडीसारखे दिसतात. हे मात्र कितीही ताणून बघितलं तरी नुसता ठिपका, चांदणीसारखा. म्हणून विल्यम हर्शलने नाव दिलं ॲस्टेरॉइड. ग्रीकमध्ये 'ॲस्टर' म्हणजे तारा, आणि पुढचं शेपूट म्हणजे 'च्यासारखा'. ताऱ्यासारखा! शब्दही त्याच्या डोक्यातला नव्हे म्हणे, ग्रीक जाणणाऱ्या कुणीतरी सुचवला असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे ते जवळून काय आहे याचा नावात पत्ताच नाही. लांबून कसं दिसलं तेवढंच. आपला मराठी शब्द त्यापेक्षा बरा, निदान कूळ तरी सांगतो.

हे सगळं दिशाला सांगायच्या आधी मला दुसऱ्याच माणसाला सांगावंसं वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांना फोन केला. दिशाचा प्रश्न सांगितला, नावाची गोष्ट सांगितली.

"म्हणजे नाव ठेवणाऱ्याला ठिपकाच दिसला?"

"हो."

"आकार नाय दिसला?"

"नाही. दुर्बीण लावूनही नाही."

त्यांनी रेडिओ बारीक केला. मग म्हणाले, "मग आकार कळला कसा?"

विचारलं! त्यांनी विचारलं! मी घाईघाईने सांगून टाकलं. हे दगड फिरत असतात. लांबट असला तर आडवा येतो तेव्हा जास्त उजळतो, टोक आपल्याकडे आलं की मंद होतो. तो उजेड किती वेळाने कमी होतो, किती वाढतो, ते मोजत बसायचं. त्यावरून आकार बांधायचा. पुढे यानं गेली तेव्हा फोटो आले, पण कितीतरींचा आकार आधीच अंदाजाने बांधलेला होता.

"म्हणजे न बघताच."

"तसंच म्हणा."

"बातम्या लागल्या," म्हणाले आणि फोन ठेवला. लागू देत बातम्या. मासा गळाला लागलाय!

१५ नोव्हेंबर, शनिवार. हमरापूर

आज पिशवीत फोटो नाहीत, काही नाही. बाबांच्या खुर्चीशेजारी पाट टाकून बसले आणि बोलत राहिले.

एके काळी लोकांना वाटायचं, मंगळ-गुरूच्या मधे एक ग्रह होता, तो फुटला, त्याचे हे तुकडे. आता तसं मानत नाहीत. तिथे ग्रह कधी झालाच नाही. माल होता, पण जमू शकला नाही.

बाबा एकदम सावरून बसले. "म्हणजे भंगलेली मूर्ती नाय. न झालेली."

"बरोबर. न झालेली."

"मग फरक हाय ना मोठा! भंगलेली पाण्यात सोडायची. न झालेली ती माती. ती परत भिजवायची." आमच्या कारखान्यातला हा नियम मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. साच्याची कड कापली, हात उरला, गोळा बिघडला, काहीही फेकायचं नाही. हौदात. तिथून पुढच्या मूर्तीत. तरी मला चौदा वर्षं शिकवताना हे कधी सुचलं नव्हतं, वर्गात सांगायला इतकं सोपं असून!

"पण जमला का नाय? माल होता तर?"

"गुरू होऊ देत नव्हता. एवढा मोठा शेजारी. त्याच्या ओढीने सगळं ढवळून निघायचं."

"गुरूच आडवा आला म्हण!" आणि हसले. मोठ्याने. पलीकडे काशीबाईंचे मळणारे हात थांबले.

मग मी माझा ठेवणीतला मुद्दा काढला. "बाबा, याला सोंड नाही, डोळे नाहीत, डावं-उजवं सारखं करायला नको. कसाही करा. चुकायला जागाच नाही."

त्यांनी तळहात पुढे केला. नुसता उघडा तळहात. काशीबाईंनी त्यावर गोळा ठेवला आणि पदर डोळ्यांना लावत बाहेर गेल्या. मी मात्र रडले नाही. आत्ता लिहिताना रडतेय.

१६ नोव्हेंबर, रविवार. हमरापूर

पाच झाले! दुपारपर्यंत पाच!

खरं लिहायचं तर पाचही गुळगुळीत. गोल, गोंडस, घडवून घडवून चापून बसवलेले. दगड म्हणावा असा त्यात एकही नाही. मोदकाच्या ताटात ठेवले तर खपतील. पण दोन वर्षांनी बाबांची नखं मातीने भरली होती. "कसे झाले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एकदम बरोबर! अगदी असेच असतात."

सुशीलने माझ्याकडे बघितलं आणि बाहेर निघून गेला. त्याचं हे नेहमीचं आहे. आनंदसुद्धा करता येत नाही या माणसाला.

गोळे फळीवर सुकायला ठेवलेत. पुढच्या शनिवारी नेईन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. रोहा

लिहिताना पेनने कागद फाटला.

सुशीलचा फोन. "ताई, ते गोळे हौदात गेले."

"गेले म्हणजे?"

तो म्हणाला, "मी टाकले. मला वाटलं, माती हाय."

विरघळले. शाडू कच्चा, भाजलेला नाही, पाण्यात पडला की चिखल. फळीवर आकार नसलेलं काही दिसलं की सकाळी हौदात, हे तो बारा वर्षांचा असल्यापासून करतोय, मला माहीत आहे. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं नसतं. पण बाबांच्या हातचं होतं! दोन वर्षांनी! मी काय काय बोलले ते लिहीत नाही. "तुला डोळे असून दिसत नाही" एवढं आठवतंय. तो फक्त म्हणाला, "चुकलं माझं, ताई."

बाबा आता पुन्हा मातीला हात लावणार नाहीत. संपलं.

दत्ताची सेकंड शिफ्ट. नवरा घरी नाही म्हटल्यावर भिंतीशी बोलायचं!

१९ नोव्हेंबर

संपलं नाही. मी संपू देणार नाही.

२० नोव्हेंबर

सुशीलचा फोन आला. उचलला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार. हमरापूर

बाबांची समजूत कशी घालायची याची वाक्यं गाडीत पाठ करत आले. एकही लागलं नाही. मी चपला काढतेय तोवरच म्हणाले, "संध्या, त्या दगडावरचे खड्डे कोरलेले का पडलेले?"

"पडलेले. दुसरे दगड येऊन आदळतात."

"मग तसं सांगायचं ना गो! आणि मला एक खरा दगड आण. कसाही करा म्हणे! कसाही करायला मी काय पोर हाय?"

गोळे गेल्याचं नावही काढलं नाही त्यांनी. मीही काढलं नाही. सुशील समोर होता. त्याने "ताई, जेवलीस?" विचारलं. मी काशीबाईंना सांगितलं, "मी जेवून आलेय म्हणावं."

२५ नोव्हेंबर, मंगळवार. रोहा

शाळा सुटल्यावर दिशाला घेऊन कुंडलिका नदीवर गेले. पिशवी भरून दगड. दिशा म्हणाली, "मॅडम, हे फार छान आहेत." छान आहेत, म्हणूनच घेतले ना बाई!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नदीतल्या एकेका दगडाचं फोनवर वर्णन केलं. बाबा खेकसले, "गुळगुळीत? मग तो नदीने पॉलिश केला! तिथं वर नदी हाय काय?"

नाही हो, नदी नाही. पाणी वाहत नाही, वारा नाही, घासायला काही नाही. विज्ञानाची शिक्षिका मी!

दत्ता कंपनीतून येताना धाटावजवळ डोंगर फोडलाय तिथून चार धारदार दगड घेऊन आला. बोटाला कापलं त्याला. कुरकुर करत दिले, पण दिले.

२९ नोव्हेंबर, शनिवार. हमरापूर

आज काय पाहिलं ते लिहून ठेवते.

बाबांनी दत्ताचे दगड मांडीवर घेतले. एकेक. अंगठा फिरवत, नखाने खरवडत, पाऊण तास. मग म्हणाले, "याला पाठ नाय नि पोट नाय. सगळीकडून कड." मग माती मागितली आणि मी पाच लघुग्रहांची वर्णनं सांगत गेले. वेस्टा: जवळजवळ गोल, पण खालचा भाग मार बसून खचलेला. बेन्नू: भोवऱ्यासारखा, पोटाशी रुंद. इटोकावा: भुईमुगाची शेंग. क्लिओपात्रा: हाडासारखा, दोन टोकं जाड, मधे बारीक. माथिल्डे: त्याच्याच आकाराला न शोभणारे मोठाले खड्डे.

बेन्नू अखंड दगड नाही, सुट्या दगडांचा ढीग आहे, एकमेकांच्या ओढीने कसाबसा धरून राहिलेला, हे सांगितलं तेव्हा त्यांनी केलेला भोवरा मोडला. सुकी ढेकळं मागवली आणि ओल्या मातीच्या जिवावर ती एकेक चिकटवत गेले. हाताला भुसभुशीत लागेपर्यंत.

खड्ड्यांची वेळ आली तशी खुर्ची अंगणात हलवायला लावली. वेस्टा पाटावर. बाबांच्या हातात मातीच्या घट्ट गोळ्या. डाव्या हाताने पाट चाचपायचा, हात काढायचा, उजव्याने मारायची. धप्! चार नेमक्या बसल्या, पाचवी काशीबाईंच्या पाठीत. "म्हातारा झाला तरी खोडी नाय गेली!" त्या ओरडल्या. बाबा म्हणाले, "काशीबाय, तू गुरू. आडवी येऊ नको."

आणि सुशील. सुशील पलीकडे उभा राहून दर वेळी सांगत होता. "जरा डावीकडं. हा उथळ. हा नाय जमला, बाबा, परत मारा." एवढं सरळ तोंडावर! मला रागच आला. एकदा नासवलं ते पुरे नाही का? पण बाबा त्याचं ऐकून परत मारत होते.

३० नोव्हेंबर, रविवार. हमरापूर

क्लिओपात्रा तीनदा मोडला. चौथ्यांदा केला. जेवायला उठले नाहीत. मी ओरडले तर म्हणाले, "ओली माती थांबत नाय कोणासाठी." हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकायची. तेव्हा वैताग यायचा.

६ डिसेंबर, शनिवार. हमरापूर

सगळे सुकले. माथिल्डेला आरपार तडा गेलाय. बाबांनी तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "राहू दे. मार खाल्लेला दगड तडकणारच." भडक रंगही नको म्हणाले, नुसता काळसर राखाडी हात, चकाकी बिलकूल नाही.

सुशीलने थर्माकोल कापून पाच खण केलेलं खोकं तयार ठेवलं होतं. प्रत्येक खण त्या त्या दगडाच्या मापाचा. उचलायला आला तर मी म्हटलं, "तू नको. तुझ्या हातात नको." सगळ्या कामगारांसमोर म्हटलं. तो मागे सरला. मी एकटीने खोकं स्टेशनपर्यंत नेलं. हात भरून आले, पण नेलं.

११ डिसेंबर, गुरुवार. रोहा

प्रदर्शन. सगळ्या टेबलांवर पाट्या: हात लावू नये. आमच्या टेबलावर दिशाने लिहिलं: हात लावा. डोळे मिटून लावा.

रांग लागली! डोळ्यांना रुमाल बांधून पोरं दगड चाचपत होती. आठवीतला एक मुलगा बेन्नूवर हात ठेवून म्हणाला, "हा सुटेल असं वाटतंय." मी तिथेच उडी मारणार होते.

परीक्षकांनी दिशाला विचारलं, हे तारे नाहीत, मग नाव ताऱ्यासारखं का? दिशा शांतपणे म्हणाली, "सर, नाव ठेवलं तेव्हा कुणाला आकार दिसत नव्हता. नाव जुनंच राहिलं. आकार नंतर कळत गेला." मग स्वतःचे डोळे मिटून पाचही ओळीने ओळखून दाखवले.

उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं आपोआप पाणी देणाऱ्या कुंडीला. मिळू दे तिला. बाबांना फोन केला तर विचारलं काय? "तडा वाढला का?" नाही वाढला, बाबा.

१४ डिसेंबर, रविवार. हमरापूर

बाबा आज सकाळीच शाडू मागत होते. मूळ मूर्ती करायची म्हणतात, दीड फुटी. मी आनंदाने म्हटलं, "आता फळीवर पाटी लावा, सुशीलने हौदात टाकू नये म्हणून."

"त्याने कवा टाकले? मी टाकले ते पाच. काशीबायचा हात धरून गेलो हौदाशी. हाताला गणपतीचं पोट लागत होतं सगळ्यांचं. नि तू म्हणालीस, एकदम बरोबर."

"मग मला सांगायचं ना..."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, नाय बाबा, चांगले होते. सुशीलला मीच सांगितलं, अंगावर घे."

सव्वीस दिवस त्याने माझा राग मुकाट सोसला. सुशील मागच्या अंगणात साचे धूत होता. मी जाऊन शेजारी बसले. त्याने साच्याची एक बाजू माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "धर जरा, ताई. घसरतो."